ज्या गिअरात चढाल त्याच गिअरात उतरा

गेल्या अंकात कोलोरॅडोतल्या सॅन वान डोंगरांमधल्या जीपच्या वाटांवर मी चार पानं लिहिली. त्यावर इतकी पत्रं आली की संपादकांनी या वेळचं सगळं सदर त्यांनाच दिलं. तो लेख ज्यांच्या वाचनात आला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. कोलोरॅडोच्या नैर्ऋत्य कोपऱ्यात सिल्व्हरटन, यूरे आणि लेक सिटी ही तीन छोटी खाणगावं आहेत. 1870 नंतर सोन्याचांदीच्या मागे माणसं इथं चढली, खेचरांसाठी वाटा फोडल्या. खाणी संपल्या, वाटा उरल्या. तिन्ही गावांना जोडणाऱ्या सुमारे 65 मैलांच्या कच्च्या रस्त्याला आज अल्पाइन लूप म्हणतात. त्यावर सिनॅमन आणि एंजिनियर या दोन खिंडी, दोन्ही साडेबारा हजार फुटांच्या वर. मी एकवीस वर्षं या भागात राहते. नोकरी रस्त्यांच्या मोऱ्यांची आणि पाण्याच्या निचऱ्याची. मूळची वाईची. वडील, आमचे आण्णा, एसटीत चालक होते.

जूनच्या पहिल्या आठवड्यात आम्ही दोघं मुलाकडे डेन्व्हरला येतोय. वय 66 आणि 62. मुलाची मोठी एसयूव्ही आहे. बर्फही पाहायचाय, खाणीही. जमेल का? (नाशिक)

जमेल, पण जूनच्या पहिल्या आठवड्यात पूर्ण लूप होईलच असं धरून येऊ नका. या वाटा तारखेला उघडत नाहीत, बर्फ मोकळं करील तेव्हा उघडतात. वसंतात दोन्ही बाजूंच्या काउंट्यांची यंत्रं खालून वर बर्फ कापत निघतात. एखाद्या साली जून लागता लागता रस्ता मोकळा होतो, एखाद्या साली महिनाअखेर उजाडते. नुकत्या कापलेल्या रस्त्यावर दोन्ही बाजूंना बर्फाच्या भिंती असतात, कुठे कुठे जीपच्या टपाच्याही वर. गाडी थांबवून त्या भिंतीला नाक लावून बघा. पांढऱ्यामध्ये तपकिरी-तांबूस रेघा दिसतील. पश्चिमेच्या वाळवंटातली धूळ वसंताच्या वाऱ्यात उडून इथवर येते, तिचे ते थर. ही धूळ ऊन शोषते आणि बर्फ लवकर वितळवते, म्हणून ज्या वर्षी रेघा जाड त्या वर्षी ओढे लवकर फुगतात. माझ्या कामात आम्ही या रेघांवर नजर ठेवून असतो.

आता उंची. डेन्व्हरच मुळात 5,280 फुटांवर आहे, म्हणजे जवळपास कळसूबाईच्या माथ्यावर. सिल्व्हरटन 9,300 फूट, आणि सिनॅमन पास 12,600 च्या वर, रोहतांगच्या थोडाच खाली. तेव्हा विमानातून उतरून दुसऱ्या दिवशी खिंड गाठायची नाही. दोन-तीन रात्री मुलाकडे काढा, एक रात्र यूरेला काढा, ते 7,800 फुटांवर आहे. पाणी पीत राहा. वर डोकं दुखून मळमळायला लागलं तर 'बसू थोडा वेळ, बरं वाटेल' करू नका, सरळ खाली या. खाली येणं हेच त्यावरचं औषध. रक्तदाब किंवा हृदयाची गोळी चालू असेल तर निघण्यापूर्वी तुमच्याच डॉक्टरांना उंचीचे आकडे दाखवा.

आणि मुलाची गाडी. मोठी असणं आणि डोंगराची असणं यात फरक आहे. त्याला विचारा, गाडीला 'फोर लो' आहे का, म्हणजे चारही चाकांना ताकद देऊन गाडी अगदी सावकाश पण जोरानं ओढणारा लो रेशो. चारही चाकांना ताकद जाते पण लो रेशो नाही अशा पुष्कळ गाड्या आहेत. कोरड्या हंगामात सिल्व्हरटनपासून ॲनिमस फोर्क्स या ओसाड खाणगावापर्यंतचे बारा मैल अशी गाडी सावकाश जाते. त्याच्या पुढे नको. तिन्ही गावांत दिवसाच्या भाड्यानं जीप मिळते, ती घ्या. विमानतळावरच्या भाड्याच्या गाडीचा करार मात्र नीट वाचा. कच्च्या रस्त्याला बहुतेक करारांत मनाई असते, आणि मग वरून गाडी ओढून आणायचा खर्च तुमच्या गळ्यात पडतो.

डिसेंबरात आलं तर? खरा बर्फ तेव्हाच ना? (ठाणे)

डिसेंबरात या जीपवाटांवर गाडी घालू नका. त्या साऱ्या हिमलोटांच्या मार्गात आहेत. यूरे ते सिल्व्हरटन हा डांबरी महामार्ग तेवढा चालू असतो, तोही हिमलोट आधीच पाडण्यासाठी स्फोट करायचे असतात तेव्हा काही तास बंद ठेवतात. त्या रस्त्याच्या कडेला बर्फ हटवताना लोटाखाली सापडून गेलेल्या यंत्रचालकांचं स्मारक आहे. मी दर हिवाळ्यात तिथं थांबते.

थारला मी 32 हवा ठेवतो. तुम्ही लेखात 18 लिहिलंय. छपाईची चूक आहे का? (पिंपरी)

चूक नाही. माझ्या रँग्लर जीपला डांबरावर 35 असते, कच्चा चढ लागला की 18 वर आणते. टायर लोळत नाही, फक्त पसरतो. जमिनीला टेकणारा भाग लांब होतो, दगडावर आदळण्याऐवजी टायर दगडाला कवळ घालतो, आणि मऊ बर्फात रुतण्याऐवजी वरून चालतो. मात्र हवा कमी केली की वेगही कमी ठेवायचा, आणि डांबरावर परतण्याआधी पुन्हा भरायची. त्यासाठी बॅटरीवर चालणारा छोटा पंप गाडीत हवाच. आणि टायरमध्ये 32 असो की 18, रोज सकाळी मोजायची, कारण रात्रीच्या गारठ्यानं ती आपोआप उतरलेली असते.

तुम्ही विचारलं नाही, पण थारवाले आहात म्हणून सांगते. वर जाताना काळजी नसते. बारा हजार फुटांवर विनाटर्बोच्या इंजिनाची तिसरा हिस्सा ताकद हवेअभावी गेलेली असते, गाडी रडतखडत चढते, तेवढंच. अपघात उतारावर होतात. आण्णा पसरणीच्या घाटात पंचवीस वर्षं एसटी चालवत होते. त्यांचं एकच सांगणं असायचं, "ज्या गिअरात चढशील त्याच गिअरात उतर." ब्रेकवर गाडी सोडली की लायनर तापतात, तापले की धरत नाहीत. मला लहानपणी तो जळका वास ओळखता यायचा. पाचगणीहून खाली आलेल्या ट्रकांना वाईच्या नाक्यावर तो यायचा. इथं एंजिनियर पासवरून यूरेकडे उतरताना अजूनही यायला लागतो, समोरच्या भाड्याच्या जीपमधून. अशा वेळी मी खिडकीतून हात काढून त्यांना थांबवते. फोर लो, पहिला किंवा दुसरा, पाय ब्रेकवरून काढायचा आणि इंजिनाला धरू द्यायचं. ऑटोमॅटिक असेल तरी गिअर हातानं खाली पाडता येतो.

चढणाऱ्या गाडीला आधी वाट, हा आपल्या घाटाचा नियम इथंही तोच आहे. पण समोर दहा जीपांची रांग चढत असेल आणि तुमच्यामागे लगेच रुंद जागा असेल तर नियम कुणाचा हे बघत बसू नका, ज्याला सोपं त्यानं मागं घ्यावं.

वर बर्फाचा पट्टा रस्त्यावर आडवा आला, पण पुढच्या गाड्यांच्या चाकांच्या खुणा स्पष्ट आहेत, तर त्या चाकोरीतून जाणं सुरक्षितच ना? (ह्यूस्टन)

नाही. आणि हे मी स्वतःच्या अनुभवावरून लिहिते.

काही वर्षांपूर्वीची जूनअखेरीची गोष्ट. मी आणि नवरा एंजिनियर पासकडे निघालो होतो. एका वळणावर उत्तरेकडच्या सावलीत बर्फाचा पट्टा उरला होता, फार तर पाच-सहा जीप उभ्या राहतील एवढा. रस्ता सपाट, पण बर्फ डोंगराकडून दरीकडे उतरता साचलेला. त्यावर दोन छान खोल चाकोऱ्या. मी म्हटलं, गेलेत लोक, जाऊ. पाऊण पट्टा पार झाला आणि गाडीचा मागचा भाग दरीकडे सरकला. हातभर. आवाज नाही, धक्का नाही, खुर्ची खालून कुणी हळूच ओढावी तसं. मी ॲक्सिलरेटर सोडला, काही केलं नाही. तेवढं एकच त्या दिवशी बरोबर झालं. चाक फिरवलं असतं तर ते खणत गेलं असतं आणि गाडी आणखी सरकली असती.

नवरा डोंगराकडच्या दारानं उतरला, मग मीही त्याच बाजूनं. दुपारचा दीड वाजला होता. बर्फात पाय घातला तर गुडघ्यापर्यंत गेला, आत ओल्या मिठासारखा दाणेदार. तेव्हा उमगलं. त्या चाकोऱ्या सकाळी सातच्या होत्या. रात्री गोठलेला बर्फ सकाळी लादीसारखा कडक असतो, त्यावरून त्या गाड्या टणटणीत गेल्या होत्या. माझ्यासाठी दीड वाजता उरलं होतं ते भिजलेलं मीठ. चाकोरी तीच, खालचा रस्ताच बदललेला.

मग फावडी. वरच्या बाजूच्या चाकांखालचा बर्फ काढून ती बाजू खाली घेतली, म्हणजे गाडीचा कल कमी झाला. दरीकडच्या चाकांच्या बाहेर दगड रचून बांध घातला. टायरची हवा 12 वर आणली. मग आलो त्याच खुणांतून, नवरा बाहेर उभा राहून हातानं सांगतोय, मी इंचाइंचानं मागं. अडीच तास लागले. खिंड तशीच राहिली, आम्ही सिल्व्हरटनला परत आलो.

तेव्हापासूनची माझी पद्धत अशी. बर्फ ओलांडायचा तो सकाळी दहाच्या आत. पट्टा लागला की आधी उतरून चालत जायचं, या टोकापासून त्या टोकापर्यंत. बूट किती बुडतो ते पाहायचं. बर्फ दरीकडे कलंडलेला असेल तर, मग तो चारच हात रुंद का असेना, मागं फिरायचं. आणि पट्ट्याखालून ओढा जात असेल तर थांबून कान द्यायचा. वितळण खालून होते, वरून बर्फ धड दिसतो आणि आत कमान पोकळ असते. माझं आयुष्य मोऱ्या तपासण्यात गेलं, त्यामुळे हे मला रस्त्याच्या आकारावरूनच कळतं. तुम्ही फावड्याचा दांडा खुपसून पाहा. दांडा सहज आत गेला आणि पाण्याचा खळखळाट मोठा झाला की त्यावर चाक घालू नका. बर्फ राखाडी-निळसर दिसत असेल तर त्यात पाणी भरलंय. गुलाबी दिसला तर घाबरू नका, ते एक शेवाळ आहे, बर्फातच वाढतं, बोटानं खरवडलं की कलिंगडाच्या फोडीसारखा रंग येतो.

ढगांचंही ऐकायचं. जुलैच्या मध्यापासून इथं दुपारी गडगडाट सुरू होतो. स्थानिक लोक त्याला चक्क 'मॉन्सून' म्हणतात. बारा हजार फुटांवर झाड नाही, आडोसा नाही, वीज पडायला सगळ्यात उंच वस्तू तुम्हीच. दुपारी बाराच्या आत खिंडीवरून खाली. मोबाइलला वर रेंज नसते. उपग्रहावरून संदेश पाठवणारं छोटं यंत्र भाड्यानंही मिळतं, ते घ्या. शोध-बचाव पथकातली माणसं आपापली कामं टाकून येणारे स्वयंसेवक असतात, त्यांना अंधारात आपल्यासाठी चढावं लागू नये असं वागायचं.

मी आठवीत आहे. जुन्या खाणीच्या आत टॉर्च घेऊन जाता येतं का? आत सोनं उरलंय का? (कोल्हापूर)

बाळा, उरलं असेलही, पण तू आत जायचं नाहीस. कोलोरॅडोत सोडून दिलेल्या खाणी सुमारे 23,000 आहेत. त्यांच्या तोंडाशी उन्हाळ्यातही गार वारा लागतो, आणि आत जावंसं वाटतं, मलाही वाटतं. पण आत जमिनीवर टाकलेल्या फळ्या शंभर वर्षांच्या कुजलेल्या असतात आणि फळ्यांखाली विहिरीसारखा सरळ खोल खड्डा असू शकतो. टॉर्चला फळी दिसते, खड्डा दिसत नाही. दुसरं म्हणजे हवा. आतल्या दगडातलं गंधक-लोखंड हवेतला प्राणवायू खातं. तिथं वास येत नाही, खोकला येत नाही, माणूस नुसता खाली बसतो. तिसरं, जुना सुरुंगाचा दारूगोळा. डायनामाइट जुनं झालं की त्यातून नायट्रोग्लिसरीन पाझरतं आणि हलवलं तरी फुटू शकतं.

पण खाण बघायची तुझी इच्छा अगदी योग्य आहे. सिल्व्हरटनजवळ 'ओल्ड हंड्रेड' नावाची खाण आहे. तिथं तुला हेल्मेट घालून छोट्या आगगाडीत बसवून डोंगराच्या पोटात नेतात आणि दगड फोडायचं यंत्र चालवून दाखवतात. आवाज छातीत बसतो. जवळच 'मेफ्लॉवर' नावाची गिरणी आहे, 1929 ची, 1991 पर्यंत चालू होती. डोंगरावरच्या खाणीतून तिथं तारेवर टांगलेल्या बादल्यांतून खनिज यायचं. मनोरे आणि तार अजून दिसतात. कामगारही कधी कधी त्याच बादल्यांत बसून वर कामाला जायचे. तू आलास की मान वर करून ती तार कुठपर्यंत जाते ते शोध, मला लिही.

आणि तिथला गंजका डबा, खिळा, बाटलीची काच खिशात घालायची नाही. ते त्या माणसांच्या घरातलं सामान आहे, आणि सरकारी जमिनीवरच्या जुन्या वस्तू उचलणं हा गुन्हाही आहे.

माझ्याकडे व्हिक्टोरियाचे चांदीचे रुपये आहेत. तुमच्या लेखात 1893 मध्ये कोलोरॅडोच्या चांदीच्या खाणी एकाएकी बंद पडल्याचं वाचलं. एवढ्या लवकर सगळी चांदी संपली? (पुणे)

संपली नाही हो. तुमच्या हातातल्या रुपयाचाच त्यात हात आहे, आणि मागच्या लेखात हे लिहायचं राहून गेलं याची मला चुटपुट लागली होती.

तुमचा रुपया एक तोळा वजनाचा असेल, त्यात बारातले अकरा भाग शुद्ध चांदी. तेव्हाची व्यवस्था अशी होती की कुणीही चांदीच्या लगडी घेऊन मुंबईच्या नाहीतर कलकत्त्याच्या टांकसाळीत जावं आणि रुपये पाडून घ्यावेत. त्यामुळे जगात चांदी कुठंही निघो, तिला हिंदुस्थानात गिऱ्हाईक ठरलेलं होतं. पण चांदीचा भाव वर्षानुवर्षं घसरत होता, आणि सरकारला लंडनची देणी सोन्यात भागवायची होती. शेवटी 26 जून 1893 ला हिंदुस्थान सरकारनं लोकांसाठी टांकसाळी बंद केल्या. तारेनं बातमी गेली आणि भाव कोसळला. त्याच आठवड्यात कोलोरॅडोतल्या खाणी आणि धातू गाळायच्या भट्ट्या थांबल्या.

दुसरा टोला वॉशिंग्टनहून आला. 1890 च्या शर्मन कायद्यानं अमेरिकेचं सरकार दरमहा 45 लाख औंस चांदी विकत घेत होतं. 1 नोव्हेंबर 1893 ला तो कायदा रद्द झाला. म्हणजे चार-साडेचार महिन्यांत जगातले दोन सगळ्यात मोठे गिऱ्हाईक उठून गेले.

यूरे आणि सिल्व्हरटनच्या मध्ये रेड माउंटन म्हणून भाग आहे. तिथं महामार्गावरून यांकी गर्ल खाणीचा लाकडी मनोरा दिसतो, खाली तांबडे उतार. 1880 च्या दशकात सापडलेली ही खाण चांदीसाठी नावाजलेली. तिच्या तळाचं पाणी इतकं आंबट होतं की लोखंडी नळ आणि पंप बघता बघता सडायचे. एकीकडे खोलात धातू विरळ होत चाललेला, पंपांचा खर्च वाढलेला, त्यात हा भाव. तिथली वस्ती विरली. सिल्व्हरटन वाचलं कारण तिथल्या डोंगरात सोनंही होतं.

मी त्या मनोऱ्याखाली उभी राहिले की मला मुंबईची फोर्टमधली टांकसाळ आठवते. तिच्या दारावर नोटीस लागली आणि अर्धं जग ओलांडून इथल्या माणसानं खोलीला कुलूप घातलं. तुमच्या रुपयांवरची सालं बघा. 1893 च्या आधीचा असेल तर त्यातली काही चांदी इथल्याच डोंगरातली असणं अशक्य नाही.

यूरे हे नाव कशावरून? (बेळगाव)

यूट लोकांच्या प्रमुखाचं नाव. 1873 च्या करारानं यूटांनी हे खाणींचे डोंगर सोडून दिले. यूरे 1880 मध्ये वारले, आणि पुढच्याच वर्षी त्यांच्या माणसांना इथून यूटाला हलवलं. गावाला नाव त्यांचं राहिलं. मी वाचकांना एवढंच म्हणेन की खाणकऱ्यांची घरं पाहताना त्याआधी हे कुणाचं होतं तेही मुलांना सांगा.

आमच्या डिचोलीत खाणींच्या काळात पावसाचं पाणी लाल व्हायचं. तुमच्याकडची नदी 2015 मध्ये केशरी झाली होती, ते तसंच का? (गोवा)

दिसायला सारखं, कारण वेगळं. तुमच्याकडे लाल मातीचा आणि खनिजाचा गाळ पाण्यात तरंगत यायचा. तो पाणी संथ झालं की तळाशी बसतो. इथं लोखंड पाण्यात विरघळून येतं. डोंगरात पायराइट आहे, म्हणजे लोखंड आणि गंधक. बोगदा खणला की त्याला हवा-पाणी मिळतं, आणि आतल्या आत गंधकाम्ल तयार होतं. त्या आम्लात लोखंड, जस्त, कॅडमियम विरघळतात. बाहेर येऊन ओढ्याच्या स्वच्छ पाण्यात मिसळलं की आम्ल सौम्य होतं आणि लोखंड गंज होऊन दगडांवर बसतं. दगड हातात घेतला तर त्यावर पिवळसर-केशरी साय असते, बोटाला चिकटते, हळदीसारखी.

5 ऑगस्ट 2015 ला सिल्व्हरटनच्या वर गोल्ड किंग खाणीच्या तोंडाशी केंद्रीय पर्यावरण संस्थेच्या देखरेखीखाली काम चाललं होतं. आत तुंबलेलं पाणी फुटलं. सुमारे 30 लाख गॅलन पाणी सिमेंट क्रीकमधून ॲनिमस नदीत गेलं. त्याच वर्षी ऑक्टोबरात ग्लॅडस्टोन इथं पाणी शुद्ध करायचा प्रकल्प सुरू झाला, आणि 2016 मध्ये तो सारा परिसर केंद्राच्या स्वच्छता यादीत आला.

पण एक गोष्ट मी कळकळीनं सांगते, कारण पाहुणे नेहमी चुकतात. रेड माउंटनचे सगळेच ओढे खाणींनी खराब केलेले नाहीत. तो डोंगरच लोखंडाचा आहे, खाणी यायच्या आधीही काही ओढ्यांत मासा नव्हता. खाणींनी त्यात फार मोठी भर घातली. दोन्ही खरं आहे. म्हणून वरचं पाणी कितीही निवळ दिसलं तरी बाटलीत भरू नका, उकळून धातू जात नाहीत. पाणी गावातून घेऊन चढा.

इमोजिन पासच्या वाटेवरच्या कॅम्प बर्ड खाणीचा आणि होप हिऱ्याचा संबंध तुम्ही ओझरता सांगितलात. खुलासा कराल का? (कऱ्हाड)

कऱ्हाडहून हा प्रश्न यावा याचा मला मनापासून आनंद झाला. टॉमस वॉल्श हे आयर्लंडहून आलेले गृहस्थ. कॅम्प बर्डला आधीच्यांनी शिसं-चांदी काढून बाकीचा दगड टाकून दिला होता. 1896 मध्ये वॉल्शनी त्या टाकलेल्या गारगोटीत सोनं पाहिलं. 1902 मध्ये त्यांनी खाण इंग्रज कंपनीला विकली आणि गडगंज झाले. त्यांची मुलगी एव्हलिन हिच्या घरी 1911 मध्ये तो निळा होप हिरा आला. आता मूळ बघा. तावेर्निए या फ्रेंच व्यापाऱ्यानं हा हिरा हिंदुस्थानातून नेला आणि 1668 मध्ये चौदाव्या लुईला विकला. तो कोल्लूरच्या खाणीतला मानतात, आणि कोल्लूर कृष्णाकाठी. माझ्या वाईच्या घाटावरून, तुमच्या प्रीतिसंगमावरून जाणारी तीच कृष्णा. कॅम्प बर्डच्या फाटकाशी जीप थांबवून मी हे बरोबरच्या प्रत्येकाला सांगते.

ताई, मी वाई डेपोला वाहक होतो, तुमच्या वडिलांबरोबर महाबळेश्वरची फेरी केलेली आहे. आण्णांनी हे तुमचे रस्ते पाहिले का? (वाई)

काका, तुमचं पत्र मी आईला फोनवर दोनदा वाचून दाखवलं.

पाहिले. 2009 च्या ऑगस्टात आले होते, निवृत्तीनंतर. मी त्यांना सिल्व्हरटनहून सिनॅमन पास ओलांडून लेक सिटीला नेलं. आयुष्यात पहिल्यांदा असं झालं की डोंगरात बसायला उजवी बाजू मिळाली पण समोर स्टिअरिंग नव्हतं. दोन्ही हात गुडघ्यांवर. प्रत्येक वळणाला त्यांचा डावा पाय क्लच शोधत होता.

ॲनिमस फोर्क्सला थांबलो. 11,200 फूट. तिथं 1879 चं डंकन यांचं लाकडी घर उभं आहे, पुढे काढलेल्या कोनी खिडकीचं. काचा नाहीत, चौकट शाबूत आहे. आण्णा आत गेले, मी मागोमाग. मी त्यांना सांगितलं की 1884 च्या हिवाळ्यात इथं तेवीस दिवस वादळ चाललं आणि 25 फूट बर्फ पडला, माणसं एका घरातून दुसऱ्या घरात बोगदे खणून जायची. एके काळी गावात साडेचारशे माणसं होती. आण्णांनी खिडकीच्या चौकटीवरून हात फिरवला, लाकूड रापून राखाडी झालेलं, रेषा उठून आलेल्या, आणि विचारलं, "ह्यांना टपाल कोण आणून द्यायचं?" मी म्हटलं, टपाल कार्यालय होतं, हिवाळ्यात लाकडी फळ्या पायाला बांधून टपालवाले बर्फावरून यायचे. ते बराच वेळ त्या खिडकीतून वर जाणारी वाट बघत राहिले. "एकटाच यायचा?" म्हणाले. एकटाच.

खिंडीवर वारा होता, गाडीतून उतरलो नाही. मी फोर लो टाकला, पहिला गिअर, पाय ब्रेकवरून काढून घेतला. त्यांनी माझ्या पायाकडे पाहिलं, मग बाहेर पाहिलं. पुढचा तासभर बोलले नाहीत.

लेक सिटीत गाडी लावली तर आण्णा माझ्या आधी उतरले. पुढच्या चाकाजवळ उकिडवे बसले आणि रिमच्या मधल्या भागाला तळहात लावला. तसाच ठेवला. मग मागच्या चाकालाही लावून पाहिला. गार होतं.

"चल," म्हणाले, "चहा बघू कुठं मिळतोय."